'स्वतंत्र' रॅपर म्हणजे नेमके काय? लिटल सिम्झच्या वाटचालीविषयी प्रश्न

गोदाकाठ (प्रश्न)

नमस्कार. माझी मुलगी १९ वर्षांची आहे, नाशिकला महाविद्यालयात शिकते आणि गेली तीन वर्षे मराठीतून रॅप लिहिते. हा वयाचा नाद आहे, परीक्षा जवळ आल्या की ओसरेल, असे मला सुरुवातीला वाटले होते. मग एकदा तिच्या परवानगीने मी तिच्या वह्या वाचल्या. यमकासाठी ती ओळ बिघडवत नाही, उलट मनासारखी ओळ सापडेपर्यंत आठ-आठ दिवस ते पान कोरे ठेवते, हे पाहिल्यापासून मी या विषयाकडे गांभीर्याने पाहू लागले.

गेल्या महिन्यात तिला एका संगीत कंपनीकडून करारनाम्याचा मसुदा आला. पुढील पाच वर्षांत ती जे काही ध्वनिमुद्रित करील त्याची मालकी कायमची कंपनीकडे राहील, असे त्यात कलम आहे. बदल्यात काही रक्कम आगाऊ मिळेल आणि चित्रफितींचा खर्च कंपनी करील. घरातील वडीलधाऱ्यांचे मत सही करावी असे आहे, कारण अशी संधी पुन्हा येत नाही असे त्यांना वाटते. मुलगी मात्र लंडनची रॅपर लिटल सिम्झ हिचा दाखला देते आणि तिने स्वतःची गाणी कधीच कोणाला विकली नाहीत, असे सांगते.

मी सिम्झची काही गाणी ऐकली. इंग्रजीचा तो वेग मला पूर्ण झेपला नाही, परंतु आवाजातील ठामपणा पोचला. ज्यांना तिची कारकीर्द नीट ठाऊक आहे त्यांना मला विचारायचे आहे की, पाठीशी कंपनी नसताना सुरुवातीची वर्षे तिने कशी काढली, 'स्वतंत्र' या शब्दाचा तिच्या बाबतीत प्रत्यक्ष अर्थ काय होता आणि त्याची किंमत तिला कोणत्या स्वरूपात मोजावी लागली? कौतुकापेक्षा व्यवहार समजून घेण्याची मला अधिक गरज आहे.

उत्तररात्र

गोदाकाठ, तुमच्या मुलीने उदाहरण फार चांगले निवडले आहे. मी सिम्झला २०१५ पासून ऐकत आलो आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

तिचे पूर्ण नाव सिम्बियातु अबिसोला अबिओला अजिकावो. जन्म फेब्रुवारी १९९४ मधला, उत्तर लंडनच्या इस्लिंग्टन भागातला. आईवडील नायजेरियातून आलेले, योरुबा समाजाचे. आईने इतरांच्या निराधार मुलांनाही स्वतःच्या घरात सांभाळले. सिम्झच्या लेखनात ही आई वारंवार येते, आणि वडिलांचे घरातून दूर जाणेही तितक्याच उघडपणे येते. त्याच वस्तीत सेंट मेरीज नावाचे युवा केंद्र आहे. लिओना लुईस आणि अलेक्झांड्रा बर्क या गायिकाही तिथे जात असत. सिम्झ तिथे लहानपणापासून नाच, अभिनय आणि रॅप करत होती. मला हा तपशील सर्वांत महत्त्वाचा वाटतो. घराजवळ फुकट मिळणारी खोली, ध्वनिक्षेपक आणि शिकवणारी मोठी माणसे मिळाली, म्हणून चुकत-चुकत शिकण्याची मुभा तिला शाळकरी वयातच मिळाली. पुढे जे घडले त्याचा पाया तिथे आहे.

पहिली मिक्सटेप (कलाकाराने स्वतःच काढलेला, बहुधा फुकट वाटलेला गाण्यांचा संच) २०१० ची, म्हणजे तेव्हा ती १६ वर्षांची होती. त्यानंतर २०१३ पर्यंत आणखी मिक्सटेपा आल्या आणि २०१४-१५ मध्ये तिने ईपींची, म्हणजे मोजक्या गाण्यांच्या छोट्या संचांची, जणू रांगच लावली. हे सारे ती इंटरनेटवर टाकत गेली. दरम्यान ती मुलांच्या आणि तरुणांच्या दूरचित्रवाणी मालिकांत काम करत होती. २०१० ची 'स्पिरिट वॉरियर्स' आणि २०१३-१४ ची 'यंगर्स' या त्यातल्या दोन. संगीत तंत्रज्ञान शिकण्यासाठी तिने विद्यापीठात प्रवेशही घेतला होता, परंतु तो अभ्यासक्रम तिने अर्धवट सोडला. (हा भाग मुलीला दाखवावा की नाही ते तुम्ही ठरवा.)

पहिला अल्बम, 'अ क्युरियस टेल ऑफ ट्रायल्स + पर्सन्स', सप्टेंबर २०१५ मध्ये तिच्या स्वतःच्या 'एज १०१' या लेबलवर, म्हणजे गाणी प्रसिद्ध करणाऱ्या संस्थेतर्फे, आला. त्याच वर्षी अमेरिकी रॅपर केंड्रिक लमारने तिची जाहीर स्तुती केली आणि अमेरिकेतील श्रोत्यांपर्यंत तिचे नाव पोचले. एवढ्या मोठ्या कलाकाराची शिफारस मिळाल्यावर सर्व दारे उघडतील असे कोणालाही वाटेल, पण तसे झाले नाही. दुसरा अल्बम डिसेंबर २०१६ मध्ये आला, त्याला जाणकारांनी दाद दिली, तरी विक्रीच्या तक्त्यांत तो कुठेच ठळक दिसला नाही. ब्रिटनमध्ये त्या काळात ग्राइम या लंडनमध्ये जन्मलेल्या वेगवान रॅपशैलीची लाट होती. सिम्झ त्यात बसत नव्हती, अमेरिकी हिप-हॉपमध्येही बसत नव्हती, आणि पुरुष रॅपरांच्या तुलनेत स्त्रियांना रेडिओवर मिळणारी जागा मुळातच तोकडी होती. इतके लिहूनही आपण कोणाला दिसत कसे नाही, ही खंत तिने गाण्यांतून लपवलेली नाही.

वळण आले ते मार्च २०१९ च्या 'ग्रे एरिया' या अल्बमने. लहानपणापासूनच्या ओळखीच्या इन्फ्लो या निर्मात्याबरोबर तिने तो केला. जिवंत वाजवलेले ड्रम, बेस आणि त्यावर अजिबात पसरट नसलेले शब्द, अशी त्याची घडण आहे आणि तो जेमतेम ३५ मिनिटांचा आहे. वर्षातील उत्कृष्ट अल्बमला दिल्या जाणाऱ्या मर्क्युरी पुरस्काराच्या अंतिम यादीत तो पोचला आणि गीत-संगीत रचनेसाठी दिला जाणारा २०२० चा आयव्हर नोव्हेलो पुरस्कार त्याला मिळाला. टाळेबंदीत तिने घरात बसून पाच गाण्यांची 'ड्रॉप ६' ही ईपी केली आणि मे २०२० मध्ये ती प्रसिद्धही करून टाकली. कोणाचीही मंजुरी लागत नसली की काय करता येते, याचा हा लहानसा पण स्पष्ट दाखला आहे.

त्यानंतरचा 'समटाइम्स आय माइट बी इंट्रोव्हर्ट' सप्टेंबर २०२१ मध्ये आला. त्यात १९ ध्वनिखंड, तंतुवाद्यांचा मोठा ताफा आणि मधूनमधून येणारे नाट्यमय निवेदन आहे. शीर्षकातील शब्दांची इंग्रजी आद्याक्षरे जुळवली की 'सिम्बी' हे तिचे घरचे नाव तयार होते. हा अल्बम ब्रिटनच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत गेला. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिला ब्रिट या ब्रिटनच्या संगीत पुरस्कारांत 'उत्कृष्ट नवोदित कलाकार' हा मान मिळाला, तेव्हा तिच्या नावावर चार अल्बम होते आणि पहिल्या मिक्सटेपला एक तप उलटून गेले होते. पुरस्कार घेताना ती आईला मंचावर घेऊन आली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मर्क्युरी पुरस्कारही तिनेच जिंकला.

तुमच्या घरातील वडीलधाऱ्यांना माझ्या वतीने एवढेच सांगा की संधी एकदाच येते हा हिशेब सिम्झच्या बाबतीत खरा ठरला नाही. तिची संधी नऊ-दहा वर्षे थोडी-थोडी येत राहिली.

टेम्सकाठी

उत्तररात्र यांनी वाटचाल उत्तम मांडली आहे. मी लंडनमध्ये राहते आणि संगीताच्या कार्यक्रमांच्या ध्वनिव्यवस्थेचे काम करते. त्यामुळे व्यवहाराची बाजू, विशेषतः किंमत कशात मोजावी लागते या प्रश्नाची बाजू, मी सांगू शकेन.

प्रथम 'स्वतंत्र' या शब्दाविषयी. सिम्झ कोणत्याही कंपनीशिवाय काम करते असा समज असेल तर तो दुरुस्त करायला हवा. तिचे 'ग्रे एरिया' आणि 'समटाइम्स आय माइट बी इंट्रोव्हर्ट' हे अल्बम 'एज १०१' चे असले तरी ते जगभर पोचवण्याचे काम अवल ही वितरण कंपनी करत आली. अवल हे नाव ज्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांपासून बनले त्यांचा अर्थच 'लेबल नसलेले कलाकार' असा होतो. अशा व्यवस्थेत ध्वनिमुद्रणाची मालकी, म्हणजे आमच्या भाषेत 'मास्टर', कलाकाराकडे राहते आणि वितरक आपला हिस्सा घेतो. गुंतागुंत अशी की २०२१ मध्ये सोनीने अवल विकत घेण्याचा करार केला, ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने तपासणी करून मार्च २०२२ मध्ये त्याला संमती दिली, आणि अशा रीतीने स्वतंत्र कलाकारांची वाहिनी एका महाकाय कंपनीच्या घरात गेली. यावरून सिम्झला स्वतंत्र म्हणावे की नाही असा वाद काही लोक घालतात. माझे मत असे की वाहतूकदार बदलला म्हणून मालाचा धनी बदलत नाही. काय लिहायचे, कधी प्रसिद्ध करायचे आणि पंचवीस वर्षांनी त्याचे काय करायचे, हे ठरवण्याचा अधिकार कोणाकडे आहे एवढेच पाहावे.

आता किमतीविषयी. एप्रिल २०२२ मध्ये, म्हणजे ब्रिट पुरस्कारानंतर दोनच महिन्यांनी, सिम्झने अमेरिकेचा आखलेला दौरा रद्द केला. कारण तिने आडपडदा न ठेवता सांगितले: स्वतंत्र कलाकार म्हणून कार्यक्रमांचा सर्व खर्च ती स्वतःच्या खिशातून करते आणि महिनाभर अमेरिकेत फिरल्यास तिला प्रचंड तूट सोसावी लागेल.

ही बातमी आली तेव्हा माझ्या ओळखीतील अनेकांना धक्का बसला, पण आमच्या धंद्यातल्या माणसांना बसला नाही. वादक, ध्वनी आणि प्रकाशयोजनेचे तंत्रज्ञ, चालक, व्यवस्थापक अशी माणसे घेऊन निघायचे तर प्रत्येकाचा व्हिसा, विमानभाडे, मुक्काम, जेवण, विमा आणि रोजचे मानधन लागते. हा सर्व खर्च तिकीटविक्रीचा पहिला पैसा हातात पडण्याच्या कितीतरी आधी करावा लागतो. दोन मुक्कामांच्या मधला जो दिवस कार्यक्रमाविना जातो त्या दिवशीही मुक्काम आणि मानधन चुकत नाही. मोठे लेबल असते तेव्हा ही तूट ते भरते आणि कलाकाराच्या खात्यावर उचल म्हणून मांडते, म्हणजे ती पुढे त्याच्याच कमाईतून वळती होते. सिम्झने ती उचल घेतली नाही, म्हणून तूट दिसली. तिने वाद्यवृंद असलेला अल्बम केला आणि तोच अल्बम जिवंत सादर करणे तिला परवडेना, यातला अवघडपणा मला अजूनही अस्वस्थ करतो. फक्त लॅपटॉपवरचे ट्रॅक लावून ती एकटी उभी राहिली असती तर दौरा कदाचित झालाही असता. तिने कमी दर्जाचे सादरीकरण करण्यापेक्षा न जाणे पसंत केले.

डिसेंबर २०२२ मध्ये, फारशी पूर्वसूचना न देता, तिने 'नो थँक यू' हा अल्बम प्रसिद्ध केला. संगीत व्यवसायात कलाकाराची होणारी पिळवणूक आणि त्याचा मनावर होणारा परिणाम हाच त्याचा मुख्य विषय आहे. दौरा रद्द होणे आणि हा अल्बम एकाच वर्षात यावेत हे मी योगायोग मानत नाही.

मात्रावृत्त

वरच्या दोन्ही प्रतिसादांशी मी बहुतांशी सहमत आहे, पण एका बाबतीत सावध करू इच्छितो. सिम्झचे उदाहरण ऐकून करार नाकारणे हेच शौर्य आहे असे १९ वर्षांच्या मुलीला वाटू नये.

सिम्झला अभिनयाचा दुसरा आधार होता. नेटफ्लिक्सच्या 'टॉप बॉय' मालिकेत २०१९ ते २०२३ या काळात तिने शेलीची भूमिका केली, आणि त्यामुळे केवळ गाण्यावर घर चालवण्याची वेळ तिच्यावर आली नसावी, असे मला वाटते. शिकागोच्या नोनेम या रॅपरचे उदाहरण याहून वेगळे आहे. तिने २०१६ मध्ये पहिली मिक्सटेप फुकट वाटली, त्यावर दौरे केले आणि त्या दौऱ्यांच्या पैशांतून २०१८ चा 'रूम २५' हा अल्बम उभा केला. दोघींनीही कुठून तरी पैसा आणला, तो आकाशातून पडला नाही. तुमच्या मुलीचा तो दुसरा आधार कोणता असेल, याचा विचार सहीच्या आधी व्हायला हवा.

लेबल मिळूनही सारे सुरळीत होते असे नाही, हेही तितकेच खरे. स्पीच डेबेल ही लंडनचीच रॅपर. २००९ मध्ये पहिल्याच अल्बमला तिला मर्क्युरी पुरस्कार मिळाला, परंतु विक्री फारशी वाढली नाही आणि काही महिन्यांतच तिचे व तिच्या लेबलाचे बिनसले. पहिल्याच फटक्यात सर्वोच्च मान मिळूनही पाय रोवता आले नाहीत. तेरा वर्षांनी तोच पुरस्कार सिम्झला मिळाला तेव्हा तिच्या मागे स्वतःचे लेबल, स्वतःच्या मालकीचा गाण्यांचा साठा आणि तिच्याबरोबर वाढलेला श्रोतावर्ग होता. पुरस्काराचे वजन पेलायला तो साठा उपयोगी पडला, असे मला वाटते.

स्वातंत्र्यात माणसांची पारखही स्वतःलाच करावी लागते. इन्फ्लो या ज्या बालमित्राबरोबर सिम्झने आपले सर्वांत गाजलेले अल्बम केले त्याच्याविरुद्धच, उसने दिलेले पैसे परत न मिळाल्याच्या तक्रारीवरून, तिने दावा दाखल केल्याचे २०२५ च्या सुरुवातीला जाहीर झाले. खरे-खोटे न्यायालय ठरवील. जून २०२५ चा 'लोटस' हा अल्बम मात्र तिने दुसऱ्या निर्मात्याबरोबर केला आणि त्याच महिन्यात लंडनच्या साउथबँक सेंटरमधील मेल्टडाउन महोत्सवाची सूत्रेही सांभाळली. आदल्या वर्षी तिने ग्लास्टनबरी संगीत महोत्सवाच्या मुख्य पिरॅमिड मंचावर, कोल्डप्लेच्या आधीच्या वेळेत, कार्यक्रम केला होता. मैत्री तुटली तरी काम थांबले नाही, कारण कामाची किल्ली तिच्याकडे होती.

ओसरी

मी वकिली करते, म्हणून फक्त करारनाम्यापुरते लिहिते. सिम्झ इंग्लंडच्या कायद्याखाली काम करते आणि तुमच्या मुलीला आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा लागू आहे.

रॅपच्या एका गाण्यात निदान तीन वेगळे हक्क असतात: शब्दांचा, संगीताचा आणि ध्वनिमुद्रणाचा. सिम्झच्या संदर्भात ज्याला मास्टर म्हटले आहे तो तिसरा. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे ते करण्यासाठी पुढाकार आणि जबाबदारी घेणारी व्यक्ती. मुलीने स्वतःच्या पैशाने आणि स्वतःच्या पुढाकाराने गाणे मुद्रित केले असेल तर तो हक्क मुळात तिचाच आहे आणि कंपनी तो तिच्याकडून मागत आहे. ध्वनिमुद्रणाचा हक्क ६० वर्षे टिकतो. 'कायमची मालकी' हे शब्द वाचताना तेवढा काळ डोळ्यांसमोर ठेवा.

शब्दांच्या बाबतीत २०१२ च्या दुरुस्तीने गीतकारांना मोठे संरक्षण दिले. हक्क कंपनीच्या नावे केले तरी गीताच्या वापरातून येणाऱ्या रॉयल्टीतील समान वाटा गीतकाराला सोडून देता येत नाही. तो केवळ वारसांकडे किंवा वसुलीसाठी कॉपीराइट संस्थेकडे सोपवता येतो. करारात 'सर्व रॉयल्टीचा त्याग' असे कलम असेल तर ते टिकणार नाही. कोणता हक्क, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशासाठी आणि किती मोबदल्यात दिला जात आहे, हे लेखी असावे लागते. काळ नमूद केला नसेल तर तो पाच वर्षांचा आणि प्रदेश नमूद केला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएस या मुंबईतील संस्थेचे सदस्यत्व गीतलेखक म्हणून तिला घेता येते. ते कोणत्याही कंपनीच्या सहीवर अवलंबून नाही.

माझा सल्ला असा की थेट नकार कळवू नका. मालकीऐवजी ठरावीक वर्षांचा परवाना देण्याचा प्रस्ताव ठेवा, पाच वर्षांतील सर्व ध्वनिमुद्रणांऐवजी एका ईपीपुरता करार मागा, आणि चित्रफितीचा खर्च उचल म्हणून वळता होणार आहे का, हे लेखी विचारा. मूळ मसुदा प्रत्यक्ष वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका.

गोदाकाठ

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री मुलीने आणि मी हा धागा एकत्र वाचला. मी विचारले होते त्यापेक्षा बरेच अधिक मिळाले.

मात्रावृत्त, दुसऱ्या आधाराविषयीचा तुमचा मुद्दा तिला थोडा लागला, पण तिने तो मान्य केला. पदवी पूर्ण करायची हे तिचे तिनेच ठरवले आहे, आणि ओळखीच्यांच्या दोन माहितीपटांसाठी निवेदनाचे काम ती आधीपासून करते, ते वाढवता येईल असे तिला वाटते. टेम्सकाठी, रद्द झालेल्या दौऱ्याविषयी वाचल्यावर ती बराच वेळ गप्प होती. मग तिने तिच्या आगामी ईपीचा खर्च पहिल्यांदाच कागदावर मांडला: स्टुडिओचे तास, मिक्सिंग, बीट करणाऱ्या मित्राचे पैसे. आजवर त्या मित्राला तिने काहीच दिले नव्हते आणि त्याच्याशी लेखी काही ठरलेलेही नव्हते. ते ती या आठवड्यात करणार आहे.

ओसरी, तुमचे तीन मुद्दे मी पत्राच्या स्वरूपात कंपनीला पाठवले आहेत. मसुदा नाशिकमधील एका वकिलांकडे सोमवारी नेणार आहोत. त्यांचे मत आणि कंपनीचे उत्तर आले की इथे लिहीन.

उत्तररात्र, एक विनंती आहे. सेंट मेरीज युवा केंद्राविषयी वाचल्यापासून मुलगी आमच्या भागातील वाचनालयाच्या वरच्या रिकाम्या सभागृहाचा विचार करत आहे. शनिवारी दुपारी ते मिळाले तर वस्तीतील मुलामुलींना घेऊन लिहायला बसायचे, असे तिच्या मनात आहे. तशा केंद्रांत मुलांना प्रत्यक्ष काय आणि कोणत्या क्रमाने शिकवतात, हे ठाऊक असल्यास कृपया लिहावे.